अनुमोदक हजराबी

“विचारायचं सगळ्यांना, बाई. पण आधी ठरवायचं, आणि मग विचारायचं.”

कमलाकर सर निवृत्त झाले त्या दिवशी कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात देताना हे म्हणाले होते. एवढ्या वर्षांच्या मुख्याध्यापकीचं सगळं सार त्या एका वाक्यात होतं. सर फार सज्जन. कुणाला कधी टाकून बोलले नाहीत, सभेत प्रत्येकाकडे बघून हसायचे, चहा स्वतः पुढे करायचे. आणि सभा संपल्यावर तेच व्हायचं, जे त्यांनी सकाळी आंघोळ करतानाच ठरवलेलं असायचं. मीही गेली सहा वर्षं त्यांच्याच वाटेनं चालले होते. ढाणकीच्या आमच्या हायस्कूलात कुणाची तक्रार नव्हती. तक्रार करायला आधी काय ठरतंय ते कळावं लागतं.

या श्रावणात मिताली नावाची एक मुलगी आली. मूळची वणीची, अमरावतीला पीएच.डी. करणारी. शाळेचे निर्णय सगळ्यांनी मिळून घेणं म्हणजे काय, हे हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना कसं समजतं, असा तिचा विषय. तिनं माझ्यापुढे चार पानी प्रश्नावली ठेवली. मी भराभर खुणा केल्या. शिक्षकांचं मत घेता का? नेहमी. पालकांचं? नेहमी. विद्यार्थ्यांचं? बहुधा. (इथं जरा नम्रता दाखवली.)

“बाकीच्या शाळांतही असंच आहे का गं?” मी विचारलं.

“हो ना मॅडम. सतरा मुख्याध्यापक झाले, सगळ्यांचं ‘नेहमी’. जिल्ह्यात इतकी लोकशाही असेल असं आमच्या गाइडनाही वाटलं नव्हतं.” तिनं हसू दाबलं. मग म्हणाली, “एकच तोंडी प्रश्न आहे. गेल्या वर्षातला असा एक निर्णय सांगा, जो तुमच्या मनात नव्हता आणि सभेमुळे झाला.”

मी छताकडे पाहिलं. मग खिडकीकडे. स्नेहसंमेलनातला वडापाव आठवला. मला उपमा हवा होता. पण ते सांगायला लाज वाटली.

“आठवून सांगते,” मी म्हणाले.

“शनिवारी तुमची पालकांची सभा आहे ना? मी मागे बसले तर चालेल?”

नाही कसं म्हणणार? चार पानं भरून मी ‘नेहमी’ लिहिलं होतं.

शनिवारच्या सभेपुढे ठराव एकच होता. गेल्या साली दहावीचा गणिताचा निकाल एकसष्ट टक्क्यांवर आला होता आणि संस्थेच्या सचिवांनी मला दोनदा फोन केला होता. म्हणून जादा तास, रोज सकाळी आठ वाजता, दहावीच्या सगळ्यांना सक्तीचे. सकाळीच का? मी सभेत सांगणार होते की सकाळी डोकं ताजं असतं. खरं कारण वेगळं होतं. शाळा पाचला सुटते, आणि दिवेलागणीला माझा हरिपाठ असतो. तो मी चुकवत नाही. म्हणजे आठची वेळ मी देवासाठी ठरवली होती आणि नाव मुलांच्या ताज्या डोक्याचं घेणार होते.

सलील, आमचा क्लार्क, शुक्रवारीच प्रोसिडिंगचं रजिस्टर घेऊन आला. सभेत काय ठरलं ते त्यात लिहायचं असतं. आमच्याकडे सभेत काय ठरणार ते लिहिलेलं असतं. सलीलचं अक्षर मोत्यासारखं. ‘ठराव क्रमांक एक. दहावीचे जादा वर्ग सकाळी आठ वाजता घेण्याचे सर्वानुमते मंजूर. सूचक: श्री. गुलाबसिंग. अनुमोदक: श्रीमती हजराबी.’

“उद्या फक्त सह्या, म्याडम,” सलील म्हणाला. “अकरा वर्षांत या रजिस्टरात एक खाडाखोड नाही.”

गुलाबसिंगभाऊ एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. एकदा बोलायला उभे राहिले की थांबा येईपर्यंत बसत नाहीत, म्हणून कमलाकर सर त्यांना ‘सूचक’ करून बोलण्यातून सुटका करून घेत. हजराबी चाची मोहदरीच्या. ढाणकीपासून पाच किलोमीटरवर त्यांची पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या आवाजावर बोलून बोलून त्यांचा आवाज असा झालाय की कुजबुजल्या तरी तिसऱ्या बाकापर्यंत जातं. नात जेबा आमच्याकडे दहावीत. तीन वर्षं चाची न चुकता सभेला येतात, म्हणून तीन वर्षं त्याच अनुमोदक.

आता एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कुणाला पटायचं नाही. चातुर्मासात मी दर वर्षी काही ना काही नेम धरते. कांदा-वांगं सोडणं इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात देवाला काय मिळत असेल कोण जाणे. म्हणून या वर्षी वेगळा नेम घेतला: समोरच्याचं बोलणं मध्येच तोडायचं नाही. तो थांबेपर्यंत आपण थांबायचं. आषाढी एकादशीला घेतला तेव्हा सोपा वाटला. शनिवारच्या सभेचा विचार तेव्हा केला नव्हता.

सभा नववी ‘ब’च्या वर्गात. बावीस पालक, आठ शिक्षक, शेवटच्या बाकावर वही घेऊन मिताली. मी नमस्कार करून बसले. सलीलनं नेहमीसारखं रजिस्टर फिरवायला घेतलं. “इथं सही करा, इथं सही करा, आणि थांबा, चहा आहे.” पाचसहा सह्या झाल्या. रजिस्टर हजराबी चाचींपुढे आलं. त्यांनी पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं.

“बाई,” त्या म्हणाल्या. सगळा वर्ग वळला. “तीन साल झाले, मी इथं अनुमोदक हाय. काल जेबाले विचारलं, का ओ, हे अनुमोदक म्हणजे काय असते? थे म्हणे, दादी, अनुमोदक म्हणजे तू ‘हो’ म्हणलं. मी म्हणलं, मी कव्हा हो म्हणलं?”

कुणीतरी फिसकन हसलं.

“मी तं समजत होती, का अनुमोदक म्हणजे ज्यायनं चहा पेल्याशिवाय जायचं नाई ते!”

आता सगळेच हसले. सलीलनं माझ्याकडे पाहिलं. एरवी मी अशा वेळी गोड आवाजात म्हणते, ‘चाची, आपण हे नंतर निवांत बोलू हं.’ ते निवांत कधी येत नाही, हे दोघींनाही ठाऊक असतं. पण चाची थांबल्या नव्हत्या. मी ओठ मिटून बसले.

“तं आता सांगा, आज मी कायले हो म्हणून राह्यली?”

सलीलनं घसा साफ करून ठराव वाचला. मोत्यासारखं अक्षर वाचताना त्याचा आवाज मात्र बारीक झाला.

“आठ वाजता?” चाची म्हणाल्या. “आमची पहिली गाडी पावणेदहाले निंगते मोहदरीहून. आठ वाजता यायचं तं पोरीले साडेसहाले पायी निंगा लागते. मंधात नाला हाय, नाल्यावर वानरं हाय, आणि वानरायपेक्षा वाईट म्हणजे पुलावर बसणारी रिकामी पोट्टी हाय. जेबाच्या बापाले, शाहिदले म्या परवा नुसतं सांगितलं, का बाई काहीतरी सकाळचं काढून राह्यल्या. थो म्हणे, सकाळचं असलं तं टी.सी. काढतो आणि सतरा नंबरचा फॉर्म भरतो. बसू दे घरी. परीक्षा बाहेरून दे म्हणा.”

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळेत न येता बाहेरून दहावीला बसणं. गेल्या सहा वर्षांत माझ्या शाळेतल्या आठ मुलींनी तो भरला. परीक्षेच्या हॉलपर्यंत दोनच पोचल्या. बाकीच्यांची लग्नपत्रिका आली, हॉलतिकीट नाही. शाहिद वाईट माणूस नाही. पोरीला जीव लावणारा बाप आहे, आणि म्हणूनच भितो. आणि जेबा? भूमितीची आकृती काढताना जीभ बाहेर काढून बसणारी, प्रमेय सुटलं की बाकावर थाप मारणारी. ती सोमवारी माझ्या वर्गात असणार की गिरणीवर, हे माझ्या या एका ओळीनं ठरणार होतं. आणि ती ओळ मी आदल्या दिवशीच शाईनं लिहून ठेवली होती.

“आता माह्यं झालं,” चाची म्हणाल्या. “बोला तुमी.”

बोलायला मी तोंड उघडलं, तोच गुलाबसिंगभाऊ उभे राहिले.

“म्याडम, गाडीचा विषय निंगाला म्हणून बोलतो. एकतीस वर्षं स्टेअरिंग धरलं म्या...”

वर्गभर एक सुस्कारा गेला. शेजारच्या शिक्षिकेनं पर्समधून विणकाम काढलं. भाऊ उमरखेड डेपोपासून सुरू झाले. मग पुसदचा घाट, मग एका कंडक्टरनं बकरीचं तिकीट फाडलं ती गोष्ट, मग डिझेल, मग मोहदरीच्या पुलाचा कठडा कुणी तोडला ते. सलील मला खुणा करत होता. घड्याळावर बोट, मग गळ्यावर बोट. मी मनात नामस्मरण चालू केलं. पंधरा मिनिटं झाली. मिताली इतकी भराभर लिहीत होती की मला तिची काळजी वाटली. वीस मिनिटं झाली.

“...आणि सांगायची गोष्ट म्हणजे,” भाऊ म्हणाले, “थे गाडी ढाणकीहून नऊ दहाले मोहदरीले जाते ना, थे खाली जाते. पार खाली. मी चालवत होतो तव्हा मंधात एक कुत्रं बसत जाय, तेवढंच. येतानी भरून येते. आणि रविवारी तं जातानी बी खाली, येतानी बी खाली. एसटीचं असं नुकसान मले पाहवत नाई, म्याडम.”

“थांबा भाऊ,” हजराबी चाची ओरडल्या. (नेम माझा होता, त्यांचा नव्हता.) “जातानी खाली जाते म्हणता?”

“एकदम खाली, भाभी.”

“मंग पोरीयले इकडं आणता कायले? गणिताले तिकडं पाठवा ना!”

क्षणभर कुणाला काही समजलं नाही. चाचींनी हात हवेत फिरवून सगळं मांडलं. गावातल्या पोरांनी खुशाल आठला यावं. मोहदरीच्या रस्त्यावरच्या पोरींसाठी रविवारी एक मास्तर त्या रिकाम्या गाडीत बसावा, साडेनऊला उतरावा. गिरणीच्या ओसरीवर बसायला जागा आहे. बारा सव्वाबाराच्या गाडीनं परत. “गिरणी म्या तितका येळ बंद ठेवतो. रविवारचं दळण लोकं शनिवारी आणतील. नाई आणलं तं सोमवारी भाकर खातील.”

“किती मुली आहेत त्या रस्त्याच्या?” मी विचारलं. मला वाटलं दोन किंवा तीन.

पालकांनी बोटं मोजायला सुरुवात केली. मोहदरीच्या पाच. पलीकडच्या तांड्यावरच्या तीन, धनीबाई म्हणून एक आई उठून म्हणाली, “आमच्या पोरी पायवाटेनं येतील, शेतातून सरळ हाय.” आणि एक मुलगाही निघाला. नऊ. माझ्या दहावीच्या वर्गातली नऊ मुलं मी हाताच्या एका फटक्यात बाहेर काढली असती आणि वर ‘सर्वानुमते’ लिहिलं असतं.

मग कापड दुकानवाले एक पालक उठले. “म्हणजे मोहदरीवाल्यांना घरपोच आणि आमच्यांनी आठला उठायचं? हे काही बरोबर नाही. माझा विरोध लिहून घ्या.”

“तुमचा पोट्टा दहा पावलांवर राह्यते,” गुलाबसिंगभाऊ म्हणाले. “त्याले बी गाडीत बसवून मोहदरीले पाठवा. तिकिटाचं उत्पन्न तं वाढन!”

हशा पिकला, पण त्या गृहस्थांनी विरोध सोडला नाही. चांगलं केलं.

“जाणार कोण पण?” शिक्षकांपैकी कुणीतरी हळूच विचारलं, आणि मग सगळ्या शिक्षकांना एकदम आपापल्या चपला बघाव्याशा वाटल्या. गणित शिकवणारे आम्ही दोघंच. दुसरे अफरोज सर. त्यांना महिन्यापूर्वी जुळं झालेलं, डोळे तांबारलेले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की दगडालाही दया यावी.

“बाई, तुमी याल काय?” हजराबी चाचींनी विचारलं. प्रथमच हळू आवाजात.

अशा वेळेसाठी आम्हा मुख्याध्यापकांकडे एक वाक्य तयार असतं: ‘विचार करून सांगते.’ ते जिभेवर आलंही होतं.

“येईन,” मी म्हणाले.

“हरेक इतवारी?”

“दर रविवारी. परीक्षा होईपर्यंत.”

चाचींनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. पीठ जाड आहे की बारीक हे बघतात तसं. “शाहिद काय म्हणन, सांगू? म्हणन, साहेब लोकं सभेत लय काही बोलतात. उद्याचा सोडा, पुढच्या इतवारी बाई आल्या तं जेबा शाळेत. नाई आल्या तं सोमवारी टी.सी.”

“सांगा त्यांना, येते म्हणून.”

“मंग लिहा,” चाची सलीलला म्हणाल्या.

इथं खरा गोंधळ सुरू झाला. ठराव आधीच लिहिलेला, शाईनं, सहा सह्यांसकट. सलील रजिस्टर छातीशी धरून उभा. “म्याडम, खोडायचं? प्रोसिडिंगमध्ये? अकरा वर्षांत...”

“एक सरळ रेघ मार, सलील. बाजूला मी सही करते.”

त्यानं पट्टी आणली. पट्टी लावून, श्वास रोखून, ‘सर्वानुमते’वरून रेघ ओढली. एखाद्याचा दुखरा दात तपासतात तितक्या हलक्या हातानं. मग नवा ठराव मी तोंडी सांगत गेले आणि तो लिहीत गेला.

“सर्वानुमते मंजूर?” त्यानं सवयीनं विचारलं.

“माझा विरोध आहे म्हटलं ना!” कापड दुकानवाले.

“‘बहुमताने’ लिही.”

सलीलनं पेन थांबवलं. “यात ‘हु’ ऱ्हस्व की दीर्घ, म्याडम? हा शब्द कधी लिहायची वेळच आली नाही.”

“ऱ्हस्व.”

“सूचक?”

“श्रीमती हजराबी,” मी म्हणाले. “अनुमोदक मी.”

“नाही म्याडम, अध्यक्षांना अनुमोदन देता येत नाही.” सलील नियमाचा पक्का. रात्रीतून ठराव लिहून ठेवायला त्याला नियम आडवा आला नव्हता, पण ते असो.

“म्या देतो की,” गुलाबसिंगभाऊ खुश होऊन म्हणाले. “दर वेळी मीच सूचक असतो, काय सुचवलं थे मले घरी गेल्यावर बायको विचारते. आज तरी सांगता येईन.”

“सूचक चाची, अनुमोदक भाऊ. मग मला काय उरलं?”

“तुमाले जाणं उरलं,” हजराबी चाची म्हणाल्या, आणि स्वतःच इतक्या मोठ्यानं हसल्या की बाहेरच्या निंबावरचे कावळे उडाले.

त्या दिवशी चहा दोनदा झाला. पालक निघेनात. पाण्याच्या टाकीचं झाकण, मुलींच्या संडासाची कडी, आठवीच्या खिडकीतून येणारी पावसाची झड, सगळं निघालं. दीड तासाची सभा साडेतीन तास चालली. मी कुणाचंच तोडलं नाही, आणि शेवटी शेवटी तोडावंसंही वाटलं नाही. मिताली निघताना फाटकाशी थांबली.

“मॅडम, मग तो तोंडी प्रश्न? मनाविरुद्ध झालेला निर्णय म्हणून हा लिहू?”

मी खरंच विचार केला. “नको गं. लिहायचं तर खरं लिही. हा मला आवडला.”

“मग तुमची जागा रिकामीच राहते.”

“राहू दे. वर्ष अजून संपलेलं नाही. आणि त्या सतरा जणांच्या ‘नेहमी’बरोबर माझा जो ‘नेहमी’ आहे ना, तो तेवढा ‘कधीकधी’ कर.”

बुधवारी सचिवसाहेबांचा फोन आला. सभेचं त्यांच्या कानावर गेलं होतं. आवाज नाराज नव्हता, नुसता गोंधळलेला होता. “मॅडम, हे रविवारचं तुम्ही मला न विचारता कसं ठरवलं?”

“मी ठरवलंच नाही, साहेब. सभेनं ठरवलं.”

“म्हणजे खरंच सभेनं?”

“हो.”

“असं कसं होऊ दिलंत तुम्ही?” मग जरा सावरून, “बरं, रविवारी सकाळी दहाला या बंगल्यावर. बसून बोलू.”

सहा वर्षांत साहेबांनी बोलावलं आणि मी गेले नाही, असं झालेलं नाही. त्यांच्या एका शब्दावर माझी वेतनश्रेणीची फाईल पुढेमागे होते, हेही मला ठाऊक आहे.

“रविवारी दहाला माझा तास आहे, साहेब. दोन वाजता येते. चालेल?”

“रविवारी? तास?” ते म्हणाले. आणि मग, बहुधा दुसरं काही न सुचल्यामुळे, “दोनला या. जेवायलाच या.”

“श्रावणी रविवार, साहेब. माझं एकवेळचं असतं. नुसता चहा घेईन.”

शनिवारी जेबा शाळेत आली तेव्हा माझ्याकडे बघत नव्हती. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात गाठून मी म्हटलं, “ओसरीवर फळा कुठं लावायचा गं?” ती म्हणाली, “अब्बांनी गिरणीचं दार काळं रंगवलंय, मॅडम. पण म्हणाले, बाईंना सांगू नको. आधी येतात का बघू.” आणि जीभ चावून पळाली.

रविवारी पहाटे उठले. अंगणात पाटावर सूर्य काढला, तांबडं फूल वाहिलं, कहाणी वाचली. घाई केली नाही. घाई केलेली पूजा म्हणजे सभेतल्या सह्या. साडेआठला पिशवी भरली. खडूची पेटी, लाकडी कोनमापक, नऊ कोऱ्या वह्या, पाण्याची बाटली. सलीलचा फोन आला, गाडी वेळेवर आहे, म्हणाला. तो स्वतः स्टँडवर जाऊन बघून आला होता, सुट्टीच्या दिवशी. मी त्याला थँक्यू म्हटलं तर म्हणाला, “प्रोसिडिंगमध्ये आहे ना म्याडम, ते व्हायलाच पाहिजे.”

आभाळ भरून होतं, पण पडत नव्हतं. मी छत्री घेतली, दाराला कडी लावली, शेजारी कुणाला काही सांगितलं नाही, आणि नऊला दहा कमी असताना स्टँडच्या रस्त्याला लागले.